पत्रा उडाला कसा, हे विचारणाऱ्यालाच काम द्या

प्रश्न : नाशिकला मखमलाबाद शिवारात आमचे घर आहे. खाली स्लॅब असून गच्चीवर चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर सुमारे नऊशे चौरस फुटांचे पत्र्याचे छत आहे. त्याच्या तीन बाजू पत्र्याने बंद आहेत, पश्चिमेची बाजू उघडी आहे. मेच्या मध्यावर वळवाच्या वादळात पश्चिमेकडचे सात पत्रे उडाले. त्यांतला एक शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेत जाऊन पडला. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक ठेकेदार पिकअप घेऊन दारात आला. सगळे छत दोन दिवसांत नवे करून देतो म्हणाला. त्याचा दर सर्वांत कमी आहे, पण सत्तर टक्के रक्कम आगाऊ मागतो. माझ्या धाकट्या दिरांचे मेहुणे फॅब्रिकेशनची कामे करतात. ते म्हणतात, "घरचंच काम आहे, पैशांचं नंतर बघू." तिसरे सातपूरचे कारागीर. त्यांचा आकडा पहिल्यापेक्षा चाळीस हजारांनी अधिक आहे, तीन आठवडे थांबावे लागेल, आणि नुसते पत्रे बदलून भागणार नाही, सांगाड्याचेही काम करावे लागेल, असे ते सांगतात. घरात एकमत होत नाही आणि पावसाळा तोंडावर आला आहे. काम कोणाला द्यावे? उडालेले जुने पत्रे पुन्हा बसवता येतील का? — एक गृहिणी, मखमलाबाद

उत्तर : तिघांच्या वागण्यातला एक फरक तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात, पण माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा. पहिल्याने पत्रे मोजले, दुसऱ्याने नाते सांगितले आणि तिसऱ्याने सांगाडा पाहिला. वादळात गेलेले छत नव्याने करून घेताना दराच्या आधी विचारायची गोष्ट म्हणजे मागचे छत का गेले. हा प्रश्न जो कारागीर स्वतःहून विचारत नाही, तो तेच छत त्याच उणिवांसह, फक्त नवा रंगीत पत्रा लावून पुन्हा उभे करील, हे जवळजवळ ठरलेले असते.

पत्रा उडतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले तर कारागिरांशी बोलणे तुम्हाला सोपे जाईल. वारा पत्र्याला ढकलतो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कमी उताराच्या छतावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि छताखालची एखादी बाजू उघडी असेल तर आत शिरून कोंडलेला वारा त्याच पत्र्याला खालून रेटतो. तुमची उघडी बाजू पश्चिमेची आणि गेलेले पत्रेही पश्चिमेचे, यात योगायोग दिसत नाही. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरते. असा झोत दरवर्षी येत नाही. पन्नास वर्षांचा काळ डोळ्यांसमोर ठेवून तो आकडा काढलेला असतो, परंतु छत त्याच झोतासाठी बांधायचे असते. या वेगाचा दाब मानकातल्या सूत्राने काढला तर चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा एक पत्रा घेतला, तर त्याच्यावर तीनशे किलोंच्या आसपास ओढ बसू शकते, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन भरते सुमारे पंधरा किलो. हा हिशेब ढोबळ आहे. छताचा उतार, घराची उंची आणि आजूबाजूची मोकळी जागा यांनुसार तो कमीजास्त होतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर मात्र ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. तीनशे किलोंची ओढ पंधरा किलोंचा पत्रा स्वतःच्या वजनावर सोसणार नाही हे उघड आहे. ती सोसतात ते जोड, आणि ठेकेदाराच्या दरपत्रकात नेमका याच जोडांचा उल्लेख क्वचित सापडतो.

मखमलाबादच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शालिमार किंवा रविवार कारंजा भागात इमारतींच्या दाटीमुळे वाऱ्याचा जोर मोडतो. तुमच्याकडे द्राक्षबागांच्या मांडवांवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नाही. पावसाळी वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो हे खरे, पण वळवाच्या ढगाखालून सुटणारा झोत कोणत्याही दिशेने येऊ शकतो. समुद्रावरची वादळेही अधूनमधून येथवर पोहोचतात. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने दुबळे होत होत नाशिकलाही वारा-पाऊस दाखवला होता. तेव्हा "पश्चिमेची बाजू तेवढी पक्की करून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्यावर समाधान मानू नका.

आता कारागिराला बोलावण्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. उडालेले पत्रे भंगारवाल्याला दिले नसतील, तर ते उलटे करून स्क्रूची भोके नीट पाहा. भोक फाटून लांबट झाले असेल, तर स्क्रू पाइपातच राहिला आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून फाटून निघाला, असा त्याचा अर्थ होतो. पत्रा पातळ होता, वॉशर लहान होता किंवा स्क्रूंची संख्या अपुरी होती. पत्र्याबरोबर स्क्रूही उपटून आला असेल, तर दोष खालच्या आडव्या पाइपाचा आहे. तो पातळ असेल, गंजलेला असेल, किंवा पूर्वी केलेल्या भोकांतच पुन्हा स्क्रू पिळलेला असेल. आणि आडवा पाइपच पत्र्यासह सुटला असेल, तर वेल्डिंग पाहावे लागते. सगळीकडे भरीव वेल्डिंग करण्याऐवजी चार टाके मारून वेळ निभावण्याची सवय आपल्याकडे बरीच आहे, आणि त्या टाक्यांवर रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग, नीट लावला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत तेथूनच गंज धरतो. या तीन प्रकारांवर तीन वेगळे उपाय आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे. पडलेल्या पत्र्यांकडे न पाहता ज्याने दर सांगितला, त्याने तो दर नेमका कोणत्या उपायाचा सांगितला, हे त्यालाही माहीत नसते.

सर्वांत शेवटचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित जोड म्हणजे उभ्या खांबांचा. गच्चीवरच्या अनेक छतांचे खांब चार इंची विटांच्या कठड्यात रोवलेले असतात. पत्रे उत्तम आणि स्क्रू भरपूर असले, तरी अशा वेळी वादळात कठड्यासकट सगळा सांगाडा हलतो, आणि मग जे पडते ते पत्र्यापेक्षा कितीतरी भयंकर असते. खांबाखाली जाड बेस प्लेट (लोखंडी बैठक) असावी आणि ती अँकर फास्टनरने, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने, स्लॅबला, शक्यतो खाली तुळई असेल तेथे, पकडलेली असावी. स्लॅबला भोके पाडली की गळतीची भीती असते, म्हणून ती भोके कशाने बुजवणार आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा कोण करून देणार, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे. तुमच्या तिसऱ्या कारागिरांनी सांगाड्याचे काम काढले आहे, ते बहुधा यांपैकीच काहीतरी असणार. पण 'बहुधा' यावर चाळीस हजार देऊ नयेत. नेमके काय कमजोर आहे ते त्यांनी गच्चीवर उभे राहून बोटाने दाखवावे, आणि सांगाडा खरोखरच बदलायचा ठरला तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलावून दाखवावा. एका भेटीची फी एकूण खर्चाच्या मानाने फार नसते, आणि घरातले दुमतही पुष्कळदा त्या एका भेटीने मिटते.

पहिल्या ठेकेदाराविषयी. वादळानंतर गावोगाव पिकअप घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचे हात चांगले असतात आणि हंगामात चार पैसे मिळवण्यात गैर काही नाही. अडचण वेगळी आहे. छताची खरी परीक्षा काम संपल्यावर सुरू होते, आणि श्रावणात पत्र्याखाली पाण्याचा ओघळ दिसला तर या माणसाला शोधायचे कोठे? त्याचे दुकान किंवा वर्कशॉप कोठे आहे ते स्वतः जाऊन पाहा. जीएसटी क्रमांक असेल तर तो पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे दिसते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान ठेकेदाराला नोंदणी सहसा बंधनकारक नसते, त्यामुळे क्रमांक नाही म्हणून कोणी अप्रामाणिक ठरत नाही. मात्र क्रमांक नसताना जो बिलात जीएसटी धरतो, त्याच्यापासून दूर राहावे. सत्तर टक्के आगाऊ रकमेचे म्हणाल, तर ती कोणत्याही कारणाने देऊ नये. "आज दिलेत तर या दरात, उद्या पत्रा महागेल," हे वाक्य नाशिकमध्ये प्रत्येक वादळानंतर ऐकू येते. पत्र्याचे भाव खरोखर वरखाली होत असतात. तरीही एका दिवसात घाईने केलेल्या निवडीचे जितके नुकसान होते, तितके भाववाढीने क्वचितच होत असेल.

दिरांच्या मेहुण्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि घरातले दुमत त्यावरूनच असावे असा माझा तर्क आहे. नात्यातल्या माणसाचे काम वाईटच असते असे नाही. उलट तो पळून जाणार नाही, वेळी-अवेळी बोलावले तर येईल, हा त्याचा मोठा गुण आहे. धोका "पैशांचं नंतर बघू" या शब्दांत आहे. दर ठरलेला नसतो, म्हणून माल कोणता वापरावा हेही ठरलेले नसते. काम मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी थांबले तर बोलता येत नाही. गळती लागली तर सांगताना संकोच वाटतो. आणि शेवटी त्यांनी सांगितलेला आकडा जास्त वाटला तरी जाऊबाईंच्या माहेरचा माणूस म्हणून निमूटपणे द्यावा लागतो. दोन-तीन वर्षांनी पत्रा गळायचा थांबतो, पण दिवाळीच्या फराळाला बसताना मनात राहिलेली अढी थांबत नाही. यावर उपाय नकार देण्याचा नाही, तिघांनाही एकाच मापाने मोजण्याचा आहे. कामाचा तपशील तुम्ही एका कागदावर लिहून काढा आणि तोच कागद तिघांना द्या. मेहुण्यांना सांगताना, "भाऊ, तिघांकडूनही याच कागदावर दर घेतोय, तुम्हीही तेवढं लिहून द्या, म्हणजे घरात कुणाला बोलायला जागा राहायची नाही," इतके पुरे आहे. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. त्यांनी लिहून दिले, कागदावरचे प्रश्न समजून घेतले आणि त्यांनी केलेली दोन जुनी छते दाखवली, तर काम अवश्य त्यांना द्या. लिहून देण्यातच त्यांना अपमान वाटला, तर गच्चीच्या जिन्याचे रेलिंग किंवा फाटकाचे काम त्यांना द्यावे आणि छत दुसऱ्याकडून करून घ्यावे. हे बोलणे शक्यतो तुमच्या यजमानांनी आणि दिरांनी मिळून करावे. सगळा वाईटपणा एकट्या तुमच्या वाट्याला येण्याचे कारण नाही.

त्या कागदावर काय असावे, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरी तुलना तेथेच होते. पत्र्याची जाडी लिहिताना ती रंग व मुलामा धरून आहे की मूळ पोलादाची, हे स्पष्ट करावे. दुकानात ०.५० मिलिमीटर म्हणून मिळणाऱ्या रंगीत पत्र्यात पोलाद त्याहून कमी असते, आणि दोन ठेकेदारांच्या दरांतला बराचसा फरक या एका गोष्टीत दडलेला असू शकतो. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनीचे नाव, जाडी आणि मुलाम्याचे प्रमाण छापलेले असते. माल गच्चीवर चढण्यापूर्वी ते वाचावे, शंका आली तर मायक्रोमीटर लावून पाहावा. पाइपांच्या बाबतीतही नुसते 'दोन बाय दोन' पुरेसे नाही, त्याच्या भिंतीची जाडी लिहिलेली हवी. लोखंड किलोवर घेतले जाणार असेल तर वजनकाट्याची पावती मागून घ्यावी. माप छताच्या उतारावरून धरणार की जमिनीवरच्या आकारावरून, एका पत्र्यावर दुसरा चढतो तो भाग दोनदा मोजणार का, जुने पत्रे उतरवणे आणि राडारोडा नेणे दरात आहे का, हे सगळे आधी लिहिले तर शेवटच्या दिवशी गच्चीवर टेप घेऊन वाद होत नाहीत.

याच कागदावर दोन-तीन प्रश्न असे घाला, की ज्यांच्या उत्तरांवरून माणसाचा अनुभव कळेल. पत्रे बसवायला कोणत्या टोकापासून सुरुवात करणार, हा त्यांतला माझा आवडता प्रश्न. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करून पश्चिमेकडे येत गेले पाहिजे, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहते आणि त्या फटीत वारा आणि पाणी घुसत नाही. जाणकार माणूस याचे उत्तर प्रश्न पुरा होण्याआधी देतो. दुसरा प्रश्न, कडेच्या ओळींना आणि कोपऱ्यांना स्क्रू किती मारणार. मधल्या भागाइतकेच, असे उत्तर आले तर पुढचे फारसे विचारायला नको. तिसरा प्रश्न पश्चिमेच्या उघड्या बाजूचे काय करायचे, हा आहे. ती बंद करायची, समोरची बाजूही काही प्रमाणात उघडी ठेवून वाऱ्याला वाट करून द्यायची, की तशीच ठेवून जोड त्या हिशेबाने वाढवायचे, यांपैकी कोणताही मार्ग असू शकतो. त्या कारागिराने याचा विचार केलेला आहे, एवढे दिसले पाहिजे. स्क्रूखालच्या रबरी वॉशरविषयीही विचारा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हलका रबर लवकर तडकतो, आणि स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तर चांगलाही चिरडतो. छताच्या बहुतेक गळत्या या चार आण्यांच्या वस्तूपाशी सुरू होतात.

प्रत्येकाने पूर्वी केलेली कामे पाहायला जरूर जा, पण गेल्या महिन्यातली चकचकीत छते पाहून काही कळत नाही. चार-पाच पावसाळे खाल्लेले छत दाखवा म्हणावे. त्याच्या खाली उभे राहून स्क्रूभोवती गंजाचे ओघळ आहेत का, आडव्या पाइपांच्या जोडांवर रंगाचे पापुद्रे सुटले आहेत का, आढ्यावरचा पत्रा वाकला आहे का, हे पाहावे. घरमालकांना "काम चांगलं झालं का?" असे विचारले की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी "पहिल्या पावसात काही निघालं तेव्हा यांनी फोन उचलला का?" असे विचारावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. माल तुमच्या गच्चीवर येऊन कागदाप्रमाणे तपासून झाला की एक भाग, सांगाडा व खांबांचे काम पुरे झाल्यावर दुसरा, पत्रे बसल्यावर तिसरा, आणि सुमारे दहा टक्के रक्कम चांगला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. सुरुवातीला थोडी रक्कम मागणे वाजवी आहे, कारण लहान कारागिराला मालासाठी पैसे गुंतवावे लागतात; अशा वेळी पत्र्याच्या दुकानदाराला तुम्ही परस्पर पैसे भरावेत आणि बिल स्वतःच्या नावावर घ्यावे. पत्र्याच्या कंपनीची हमी मागायची वेळ आली तर ते बिलच उपयोगी पडते. रोख टाळावे, आणि सगळा करार दोघांच्या सहीने लिहून ठेवावा. फसवणूक झालीच, तर घरासाठी घेतलेल्या अशा सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, आणि आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तरीही मी राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांवर अधिक भरवसा ठेवीन. आयोगाचा निकाल यायला वेळ लागतो, तर हातातल्या पैशासाठी माणूस आठवड्यात येतो.

हे सगळे पाहता, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून माझा कल सातपूरच्या कारागिरांकडे आहे, परंतु दोन अटींवर. चाळीस हजारांचा फरक त्यांनी बाबवार लिहून द्यावा, आणि त्यांची जुनी कामे पाहून तुमचे समाधान व्हावे. तीन आठवडे थांबणे त्रासाचे आहे हे मान्य; मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला पोहोचतो, म्हणजे काम सुरू होईतो पहिल्या सरी येऊन गेलेल्या असतील. पण तुमच्या छताखाली स्लॅब आहे. राहत्या खोल्यांवर आभाळ उघडे पडलेले नाही, त्यामुळे थोडे थांबणे तुम्हाला परवडण्यासारखे आहे. छपराखाली थेट संसार असता तर माझा सल्ला कदाचित वेगळा असता.

तोवर काय करायचे ते सांगतो. उरलेल्या पत्र्यांतले जे सैल झाले असतील ते जाणत्या माणसाकडून आताच उतरवून घ्यावेत, कारण पुढच्या झोतात तेच आधी जाणार. उघड्या भागावर जाड ताडपत्री घालून ती दोरीने सांगाड्याच्या पाइपांना ठिकठिकाणी बांधावी. पत्र्यांवर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मात्र कृपा करून टाळावी. जेथे तीनशे किलोंची ओढ बसते तेथे दहा-दहा किलोंचे दोन धोंडे काय करणार? पत्रा जातोच, शिवाय धोंडा खाली कोणाच्या तरी डोक्यात पडतो. तुमचा पत्रा पडला त्या वेळी शेजाऱ्यांच्या बागेत खरड छाटणीनंतरच्या कामांना कोणी माणूस नव्हता, हे सुदैवच म्हणायचे. मांडवाच्या तारा किंवा नव्या फुटी मोडल्या असतील तर त्यांच्याशी स्वतः जाऊन बोला. वादळ दैवी असले तरी पत्रा तुमचा होता.

काम चालू असताना वर चढणाऱ्या मजुरांना सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट आहे का, बेल्ट अडकवायला पक्की जागा आहे का, हे पाहण्यात संकोच करू नका. मजुरांचा अपघात विमा कोणी उतरवला आहे हेही कागदात लिहून घ्या. घराजवळून विजेची तार जात असेल, तर लांब पत्रे वर चढवायच्या दिवशी महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला आधी कळवावे. आणि वारा सुटलेला असताना कोणालाही छतावर चढू देऊ नये, मग काम एका दिवसाने लांबले तरी चालेल.

नुकसानीचे फोटो काढले नसतील तर आजच काढा, दुरुस्ती सुरू होण्याआधी. तलाठी कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्या. घराचा विमा असेल, विशेषतः २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी असेल, तर तिच्यात वादळाने झालेल्या नुकसानीचा समावेश असतो. गृहकर्ज घेताना बँकेने असा विमा उतरवलेला असण्याची शक्यता असते आणि तो घरात कोणाच्या लक्षातही नसतो, म्हणून कर्जाची फाइल एकदा चाळून पाहावी. विमा कंपनीला कळवून तिच्या सर्वेक्षकाने पाहणी केल्यावरच दुरुस्तीला हात घालावा. छत आहे तेवढेच ठेवणार असाल तर ठीक. ते वाढवायचा विचार असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारणा करावी.

राहिला जुन्या पत्र्यांचा प्रश्न. उडून पडलेला पत्रा सरळ दिसला तरी त्याची उंचसखल नक्षी कोठेतरी दबलेली असते, मुलामा खरचटलेला असतो, आणि जुनी भोके नव्या पाइपांच्या रेषेवर येत नाहीत. मग ती भोके सीलंटने बुजवली जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडतात. छतावर ते सातही पत्रे पुन्हा बसवू नयेत. ज्यांची भोके फाटलेली नाहीत ते गोठ्याच्या किंवा पंपघराच्या भिंतीला लावता येतील, बाकीचे भंगारात द्यावेत. ठेकेदार ते "घेऊन जातो" म्हणाला, तर त्यांचे वजन करून ती रक्कम बिलातून वजा करायला सांगा. आणि काही पत्रे सरपण झाकायला ठेवणार असाल, तर तेही दोरीने बांधूनच ठेवा.